राष्ट्रांमधील विषमतेची तीन निदाने : लोकहितवादी, फुले आणि रानडे यांच्या अर्थविचाराची चिकित्सा

सारांश

विकसित आणि विकसनशील राष्ट्रांमधील आर्थिक व साधनसंपत्तीविषयक तफावत हा विषय महाविद्यालयीन अभ्यासक्रमात प्रामुख्याने दुसऱ्या महायुद्धानंतरच्या परिभाषेत शिकविला जातो. वास्तविक या तफावतीची कारणमीमांसा पुण्यात एकोणिसाव्या शतकातच सुरू झाली होती. प्रस्तुत लेखात लोकहितवादींची ‘शतपत्रे’ (१८४८-५०), महात्मा जोतीराव फुले यांचा ‘शेतकऱ्याचा असूड’ (१८८३) आणि न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचे ‘भारतीय अर्थशास्त्र’ या विषयावरील व्याख्यान (१८९२) या तीन कृतींतील निदानांची तुलनात्मक चिकित्सा केली आहे. रानडे यांनी राष्ट्राराष्ट्रांमधील संबंधाचा प्रश्न मांडला, तर फुले यांनी राष्ट्रांतर्गत वाटपाचा. यांपैकी कोणताही एक प्रश्न वगळल्यास विषमतेचे आकलन एकांगी होते, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : विकसनशीलता, अवलंबित अर्थव्यवस्था, संपत्तीचे निःसारण, शेतकरी, साधनसंपत्ती, पुणे.

१. प्रस्तावना

‘विकसनशील अर्थव्यवस्थेची वैशिष्ट्ये’ हे प्रकरण अर्थशास्त्राच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात हमखास आढळते. अल्प दरडोई उत्पन्न, शेतीवरील अवलंबन, भांडवलाची टंचाई, लोकसंख्येचा भार, तंत्रज्ञानाचा अभाव अशी एक यादी तेथे दिलेली असते. या यादीतील प्रत्येक विधान स्वतंत्रपणे तपासले तर खरे ठरते. परंतु यादीचा घाट मात्र दिशाभूल करणारा आहे. ताप, अशक्तपणा व अन्नद्वेष ही लक्षणे नोंदवावीत आणि रोगाचे नाव सांगू नये, तसे येथे घडते. दारिद्र्य हा त्या राष्ट्राचा अंगभूत गुणधर्म असावा, असा विद्यार्थ्याचा समज होतो. ते दारिद्र्य कोणत्या व्यवहारातून आणि कोणाशी असलेल्या संबंधातून निर्माण झाले, हा प्रश्न यादीबाहेरच राहतो.

‘विकसनशील’ या संज्ञेत आणखी एक गृहीतक दडलेले आहे. ही संज्ञा काळाची आहे, संबंधाची नाही. सर्व राष्ट्रे एकाच वाटेने चालली असून काही पुढे गेली, काही मागे राहिली, असा तिचा आशय आहे. जागतिक बँकेने २०१६ साली आपल्या ‘जागतिक विकास निर्देशांकां’च्या मांडणीतून विकसित-विकसनशील हे वर्गीकरण वगळले आणि भौगोलिक प्रदेश व उत्पन्नगट यांवर भर दिला. मात्र संज्ञा वगळली म्हणून तफावत वगळली जात नाही. २०२३ साली अमेरिकेचे दरडोई उत्पन्न चालू किमतींनुसार ८० हजार डॉलरपेक्षा अधिक होते. भारताचे ते सुमारे अडीच हजार डॉलर होते. अँगस मॅडिसन यांच्या अंदाजानुसार १७०० साली जगाच्या एकूण उत्पादनात भारतीय उपखंडाचा वाटा सुमारे एक चतुर्थांश होता आणि १९५० साली भारताचा वाटा चार टक्क्यांच्या आसपास उरला होता. अशा ऐतिहासिक अंदाजांना मर्यादा असतात, हे मान्य करूनही एवढा उतार केवळ ‘मागे राहण्याने’ स्पष्ट होत नाही.

हा उतार ज्यांनी प्रत्यक्ष पाहिला, त्यांनी त्याचे निदान कसे केले, हे पाहणे म्हणूनच अगत्याचे ठरते.

२. शनिवार पेठ : केंद्राचे परिघात रूपांतर

पूर्वीच्या मुर्तजाबादेची शनिवार पेठ झाली आणि पहिल्या बाजीरावाने १७३० साली येथे वाड्याची पायाभरणी केली. १७३२ साली वास्तुशांत झालेला शनिवारवाडा पुढे मराठी सत्तेचे केंद्र बनला. या केंद्राची अर्थव्यवस्था कशावर उभी होती, हे नीट लक्षात घ्यावयास हवे. १७१९ साली दक्षिणेच्या सहा सुभ्यांच्या चौथाई व सरदेशमुखीच्या सनदा मिळाल्या आणि दूरदूरच्या मुलखाच्या वसुलाचा प्रवाह पुण्याकडे वळू लागला. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून बंदिस्त नळाने वाड्यात आणि शहरातील हौदांत पाणी खेळविले गेले. पैसा मुलखातून यावा, पाणी डोंगरातून यावे आणि उपभोग पेठांत व्हावा, ही केंद्राची रीत येथेही होती.

१७ नोव्हेंबर १८१७ रोजी या वाड्यावर इंग्रजांचे निशाण लागले. १८१८ साली दुसरा बाजीराव शरण गेला आणि वार्षिक आठ लाख रुपयांच्या तनख्यावर बिठूरला गेला. १८२८ साली लागलेल्या आगीत वाड्याच्या आतील इमारती भस्मसात झाल्या. या घटनांचे राजकीय अर्थ पुष्कळ सांगितले गेले आहेत. आर्थिक अर्थ असा, की वसुलाचा प्रवाह थांबला नाही, त्याची दिशा बदलली. पुण्यात येऊन पडणारा महसूल आता मुंबईमार्गे बाहेर जाऊ लागला. शिलेदार, कारकून, सराफ, विणकर, तांबट, कागदी अशा ज्या वर्गांचा चरितार्थ दरबाराच्या खर्चावर चालत असे, त्यांचा आधार तुटला. एकेकाळचे केंद्र दुसऱ्या एका केंद्राच्या परिघावर जाऊन बसले.

पुण्याच्या या अनुभवाला दोन बाजू आहेत, आणि पुढील तिन्ही विचारवंतांचे मूल्यमापन करताना त्या विसरता येत नाहीत. पुणे लुटले गेले, ही एक बाजू. पुणे स्वतःही इतरांच्या वसुलावर पोसले गेले होते, ही दुसरी.

३. लोकहितवादी : अज्ञानाचे निदान

गोपाळ हरी देशमुख यांचा जन्म १८२३ साली पुण्यात झाला. त्यांचे वडील बापू गोखले यांच्या पदरी फडणीस होते. मोडलेल्या राज्याच्या सावलीत वाढलेल्या या तरुणाने भाऊ महाजन यांच्या ‘प्रभाकर’ साप्ताहिकातून ‘लोकहितवादी’ या नावाने पत्रे लिहिली. इंग्रजी ग्रंथाच्या आधारे सिद्ध केलेले ‘लक्ष्मीज्ञान’ (१८४९) हे त्यांचे पुस्तक मराठीतील आरंभीच्या अर्थशास्त्रीय लेखनांपैकी एक होय.

लोकहितवादींसमोरचा प्रश्न सरळ आहे. मूठभर परके सातासमुद्रापलीकडून येऊन एवढा मुलूख कसे जिंकू शकले, आणि आपला माल मागे पडून त्यांचा माल घरोघर का खपू लागला? त्यांचे उत्तरही तितकेच सरळ आहे. विद्या, उद्योग आणि एकी यांचा अभाव. दक्षिणेवर जगणारा पंडितवर्ग, व्यापाराला हलके मानणारी प्रतिष्ठेची कल्पना, परदेशगमनाचा निषेध, यंत्रविद्येविषयीची उदासीनता यांवर त्यांनी जे कोरडे ओढले, ते स्वतःच्याच वर्गावर ओढलेले होते, हे त्यांचे धैर्य. याचबरोबर जाडेभरडे असले तरी आपल्याच देशातील कापड वापरावे, आपला माल आपणच करावा, असा विचारही त्यांनी मांडला. स्वदेशीची कल्पना बंगालच्या फाळणीपूर्वी अर्धशतकाहून अधिक काळ मराठीत आली होती, याची नोंद येथे आवश्यक आहे.

तथापि लोकहितवादींच्या निदानाची मर्यादा स्पष्ट आहे. राष्ट्राची विपन्नता हा त्यांना बव्हंशी चारित्र्याचा प्रश्न वाटतो. लोक आळशी आहेत म्हणून दरिद्री आहेत, ही त्यांच्या विवेचनाची प्रधान दिशा होय. परंतु विणकर आळशी झाला म्हणून त्याचा माग बंद पडला नाही. मँचेस्टरच्या कापडाला येथे मुक्तद्वार होते आणि जकातीचे धोरण ठरविणारी सत्ता त्याच्या हाती नव्हती, म्हणून माग बंद पडला. लोकहितवादींना परिणाम दिसतो आणि त्याचे दुःखही होते. धोरणाचे यंत्र मात्र त्यांच्या नजरेतून बहुधा निसटते. ‘मानसिकता बदलली की विकास होईल’ हे आजही व्याख्यानांतून ऐकू येणारे विधान याच निदानाचा उत्तरावतार होय.

४. रानडे : संबंधाचे निदान

धोरणाचे हे यंत्र उलगडून दाखविण्याचे कार्य रानडे यांनी केले. १८९२ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्यांनी दिलेले व्याख्यान भारतीय अर्थविचाराच्या इतिहासातील मैलाचा दगड मानले जाते, आणि ते योग्यच आहे. इंग्रजी अभिजात अर्थशास्त्राची गृहीतके त्यांनी एकेक करून तपासली. मनुष्य केवळ स्वहित पाहतो, स्पर्धा निर्वेध असते, भांडवल व श्रम एका धंद्यातून दुसऱ्या धंद्यात सहज जातात, ही गृहीतके इंग्लंडलासुद्धा पुरतेपणी लागू पडत नाहीत. मग जेथे व्यक्तीपेक्षा कुटुंब व जात प्रबळ, करारापेक्षा जन्मसिद्ध दर्जा प्रबळ आणि स्पर्धेपेक्षा रूढी प्रबळ, तेथे ती कशी लागू पडावीत? फ्रीडरिश लिस्ट, सिस्मोंदी, हॅमिल्टन, केरी यांचा आधार घेऊन रानडे दाखवून देतात की, अर्थशास्त्राचे नियम भौतिकशास्त्राच्या नियमांसारखे देशकालनिरपेक्ष नाहीत.

या व्याख्यानाचा गाभा आंतरराष्ट्रीय श्रमविभागणीच्या टीकेत आहे. उष्ण कटिबंधाने कच्चा माल पिकवावा आणि समशीतोष्ण कटिबंधाने पक्का माल करावा, ही जणू निसर्गाचीच योजना आहे, असे तेव्हाचे शास्त्र सांगत असे. रानडे यांनी ही विभागणी निसर्गाची नसून इतिहासाची आहे, असे ठामपणे मांडले. ज्या देशाने शतकानुशतके जगाला कापड पुरविले, तो देश स्वभावतः कच्च्या मालाचा देश कसा ठरतो? शेती, उद्योग आणि व्यापार या तिहींचा समतोल बिघडवून संपूर्ण देश शेतीवर लोटला गेला, हेच रानडे यांच्या मते अवलंबित अर्थव्यवस्थेचे लक्षण होय. पुढे १९५० साली राऊल प्रेबिश यांनी लॅटिन अमेरिकेच्या संदर्भात केंद्र आणि परिघ यांची जी उपपत्ती मांडली, तिच्याशी या विचाराचे नाते उघड आहे.

कच्च्या मालाचा पुरवठादार होण्यातील जोखीम दख्खनला अनुभवाने ठाऊक होती. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१-६५) लँकेशायरच्या गिरण्यांना तेथील कापूस मिळेनासा झाला, तेव्हा पश्चिम भारतातील कापसाचा भाव चढला. शेतकऱ्याची पत वाढली आणि सावकाराने सढळ हाताने कर्ज दिले. युद्ध संपताच भाव कोसळला. कर्ज आणि सारा मात्र राहिले. १८७५ साली पुणे जिल्ह्यातील सुपे येथून सुरू झालेल्या उठावात शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले, त्याच्या अनेक कारणांपैकी हे एक कारण होते. अटलांटिकपलीकडील लढाईचा हिशेब भीमथडीच्या बाजारपेठेत चुकता झाला.

एवढे असूनही रानडे यांच्या मांडणीत एक पोकळी राहते. त्यांच्या विवेचनाचा कर्ता ‘राष्ट्र’ आहे आणि ते राष्ट्र बहुतेक ठिकाणी एकसंध आहे. १८९० साली पुण्यात भरलेल्या औद्योगिक परिषदेत त्यांनी डच सरकारच्या जावा बेटातील ‘कल्चर सिस्टीम’चा विचार मांडला. सरकारी पाठबळाने आणि आगाऊ भांडवलाने पीक काढावे व त्यावर तेथेच प्रक्रिया करावी, हा भाग त्यांना बोधप्रद वाटला. परंतु ती पद्धती जावाच्या शेतकऱ्यावर लादलेल्या सक्तीवर उभी होती आणि खुद्द हॉलंडमध्ये तिच्यावर कठोर टीका झाली होती. ही बाजू त्यांच्या विवेचनाच्या केंद्रस्थानी येत नाही. जमीनसुधारणेच्या चर्चेतही छोट्या शेतकऱ्यांबरोबरच सधन भूधारकांचा एक वर्ग असावा, असे ते सुचवितात. राष्ट्राची संपत्ती वाढविण्याचा मार्ग ते दाखवितात. ती संपत्ती राष्ट्रात कोणाच्या घरी थांबेल, हा प्रश्न त्यांच्याकडून पुरेसा विचारला जात नाही.

५. फुले : वाटपाचे निदान

तो प्रश्न नऊ वर्षे आधीच विचारला गेला होता. ‘शेतकऱ्याचा असूड’ हा ग्रंथ १८८३ साली सिद्ध झाला. त्याचा काही भाग ‘दीनबंधू’त छापला गेला आणि पुढचा थांबला. अविद्येपासून वित्तहानीपर्यंतची कारणमाला फुले आरंभीच मांडतात. वरकरणी हे निदान लोकहितवादींच्या निदानासारखेच वाटते. पण दोहोंत मूलभूत अंतर आहे. लोकहितवादींच्या दृष्टीने अज्ञान हा समाजाचा दोष आहे. फुले यांच्या दृष्टीने अज्ञान ही लादलेली स्थिती आहे आणि तिच्यापासून लाभ घेणारा एक वर्ग आहे.

‘असूड’चे अर्थशास्त्रीय मोल त्यातील तपशिलात आहे. जन्मापासून मरणापर्यंत धर्मविधींच्या निमित्ताने शेतकऱ्याच्या घरून काय काय बाहेर जाते. कचेरीत, कुलकर्ण्याच्या दप्तरात आणि कोर्टात त्याला कोठे कोठे हात ओले करावे लागतात. जंगलखात्याने गायराने घेतल्यावर त्याच्या गुराढोरांची काय दशा झाली. विलायती यंत्रांच्या मालाने येथील कारागीर कसे देशोधडीला लागले, याचा हिशेब फुले मांडतात. चौथ्या प्रकरणातील कुणब्याच्या घराचे वर्णन म्हणजे एका कुटुंबाचे आर्थिक सर्वेक्षणच होय. दादाभाई नौरोजी ज्या काळात देशाचे दरडोई उत्पन्न काढीत होते, त्याच काळात फुले त्या सरासरीच्या तळाशी असलेल्या घरात शिरून भांडीकुंडी आणि वस्त्रे यांची नोंद करीत होते.

फुले केवळ तक्रार करून थांबत नाहीत. डोंगरउतारावर बांधबंदिस्ती करावी, तळी-तलाव बांधावेत, उत्तम पैदाशीची जनावरे आणावीत, शेतकऱ्यांच्या मुलांसाठी शेतकीच्या शाळा काढाव्यात, असे उपाय ते सुचवितात. कालव्याच्या पाण्याविषयीचे त्यांचे विवेचन विशेष लक्षणीय आहे. पाणी मिळण्याची शाश्वती नसताना पाणीपट्टी मात्र घेतली जाते, ही त्यांची तक्रार आहे. आणि प्रत्येकाच्या जमिनीच्या प्रमाणात तोटीने पाणी मोजून द्यावे, ही मागणी आहे.

फुले यांच्या विवेचनालाही मर्यादा आहे. इंग्रज सरकारच्या न्यायबुद्धीवर त्यांनी ठेवलेला भरवसा ‘असूड’च्याच तपशिलांशी विसंगत आहे. गोऱ्या कामगारांचे भारी पगार व पेन्शने आणि सरकारी कर्जावरील व्याज शेतकऱ्याच्या डोक्यावर बसते, हे त्यांना दिसते. परंतु अंतिम दोष ते बहुधा मधल्या देशी नोकरशाहीकडे वळवितात. खजिना रिता का होतो, याचे पूर्ण उत्तर मधल्या हातांत सापडत नाही. त्यासाठी रानड्यांचा प्रश्नही विचारावाच लागतो.

६. दोन निदानांचा सामना

हा विरोध केवळ ग्रंथांतला नव्हता. शेतकऱ्यांची स्थिती पूर्वीपेक्षा सुधारली आहे, अशा आशयाचे रानडे यांचे प्रतिपादन प्रसिद्ध होताच फुले यांनी १८८५ साली ‘इशारा’ ही पुस्तिका लिहून त्यास उत्तर दिले. दुसरा प्रसंग मंडईचा. त्या काळी पुण्याचा भाजीबाजार शनिवारवाड्यासमोरच्या पटांगणात उघड्यावर भरत असे. नगरपालिकेने भव्य मंडई बांधण्याचे ठरविले, तेव्हा सभासद असलेल्या फुले यांनी तो पैसा गोरगरिबांच्या शिक्षणावर खर्च करावा, अशी भूमिका घेऊन विरोध केला. १८८६ साली रे मार्केट उभे राहिले आणि बाजार शुक्रवार पेठेत गेला. पुढे याच वास्तूला ‘महात्मा फुले मंडई’ हे नाव मिळाले. ज्या खर्चाला विरोध केला, त्याच खर्चावर विरोधकाचे नाव कोरले गेले, एवढ्यावर ही आठवण सोडून देता येणार नाही. सार्वजनिक पैसा शहराच्या वैभवासाठी खर्च करावा की सर्वांत मागे असलेल्यांच्या क्षमतेसाठी, हा विकासाच्या अर्थशास्त्रातील मूळ प्रश्न शनिवारवाड्यासमोरच्या भाजीबाजारावरून उपस्थित झाला होता.

पुण्याच्या पुढील अर्थशास्त्रपरंपरेत हे दोन्ही प्रश्न चालू राहिले. धनंजयराव गाडगीळ यांच्या मार्गदर्शनाखाली गोखले अर्थशास्त्र संस्थेने केलेली पुणे शहराची पाहणी आणि वि. म. दांडेकर व नीलकंठ रथ यांचा १९७१ सालचा भारतातील दारिद्र्याचा अभ्यास ही याची ठळक उदाहरणे होत. राष्ट्रीय सरासरीमागे कोण दडलेले आहे, हा फुले यांचा प्रश्न दांडेकर-रथांनी आकडेवारीच्या भाषेत पुन्हा विचारला.

७. आजची कसोटी : सरासरी आणि पाणी

हवामानबदलाच्या वाटाघाटींत भारत दरडोई उत्सर्जनाचा मुद्दा मांडतो. अमेरिकेचे दरडोई कार्बन डायऑक्साइड उत्सर्जन वर्षाला १४ टनांच्या आसपास आणि भारताचे सुमारे २ टन असल्याने हा युक्तिवाद न्याय्य आहे. २०२४ साली बाकू येथील परिषदेत विकसित राष्ट्रांच्या पुढाकाराने २०३५ पर्यंत वार्षिक ३०० अब्ज डॉलरची तरतूद उभी करण्याचे ठरले. विकसनशील राष्ट्रांची गरज १.३ लाख कोटी डॉलरची असल्याचे सांगितले जात होते. येथे रानडे यांचे निदान आजही लागू पडते : नियम ठरविणारे आणि नियमांची किंमत मोजणारे एक नाहीत.

परंतु हे दोन टन कोणाचे? वातानुकूलित कार्यालयाचे आणि कोरडवाहू शेतमजुराचे उत्सर्जन एकत्र करून ती सरासरी निघाली आहे. गरिबाच्या अल्प उपभोगाच्या आडून सधनाने आपला उपभोग झाकावा, अशी सोय या सरासरीत आहे. जागतिक व्यासपीठावर विषमतेविरुद्ध बोलणारे राष्ट्र स्वतःच्या अंगणात तोच न्याय लावते काय, हा फुले यांचा प्रश्न येथे टाळता येत नाही.

शनिवार पेठेच्या एका अंगाने वाहणाऱ्या मुठा नदीच्या संदर्भात हा प्रश्न मूर्त होतो. १८७० च्या दशकात खडकवासल्याचे धरण बांधले गेले. पुढे पानशेत, वरसगाव आणि टेमघर ही धरणे त्यास जोडली गेली. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले, तेव्हा नदीकाठच्या पेठांनी धरणाच्या जोखमीचा भाग सोसला. आज या धरणसाखळीतील पाणी पुणे शहर आणि हवेली, दौंड, इंदापूर या तालुक्यांतील शेती यांच्यात वाटले जाते आणि टंचाईच्या वर्षी या वाटपावरून वाद होतो. धरणाखाली गेलेली गावे, पाणी वापरणारे शहर आणि आवर्तनाची वाट पाहणारे कालव्याच्या शेवटचे शेत हे तीन घटक एकत्र पाहिले, तर विकसित आणि विकसनशील यांतील संबंध एका जिल्ह्यात दिसू लागतो. प्रमाणात तोटीने पाणी मोजून देण्याची फुले यांची मागणी या कालव्याच्या पुच्छभागी आजही कालबाह्य झालेली नाही.

८. समारोप

लोकहितवादींचे निदान आत्मपरीक्षण शिकविते, परंतु एकटे घेतल्यास पीडितालाच दोषी ठरविते. रानडे यांचे निदान राष्ट्राराष्ट्रांमधील संबंधाचे अन्याय्य स्वरूप उघड करते, परंतु एकटे घेतल्यास देशांतर्गत शोषणाला राष्ट्रहिताचे पांघरूण मिळते. फुले यांचे निदान हे पांघरूण दूर करते, परंतु एकटे घेतल्यास बाहेरील सत्तेचा हिशेब अपुरा राहतो. म्हणून ही तीन निदाने पर्यायी नव्हेत, परस्परांची दुरुस्ती करणारी आहेत.

अभ्यासक्रमाच्या दृष्टीने याचे महत्त्व मोठे आहे. ‘वैशिष्ट्यांची यादी’ पाठ करणारा विद्यार्थी बहुधा त्याच यादीतील एखाद्या घरातून आलेला असतो. आपले घर मागे का राहिले, या प्रश्नाला ‘देश विकसनशील आहे म्हणून’ एवढेच उत्तर त्याला मिळत असेल, तर ते शिक्षण नव्हे. बाजारभाव कोण ठरवितो, जकात कोण ठरविते, पाणी कोठे वळते आणि सरासरीत कोण लपते, हे प्रश्न त्याच्या हाती देणे हे अध्यापकाचे काम आहे. त्यासाठी लागणारी सामग्री परकीय ग्रंथांबरोबरच मराठीतही आहे. ती अर्थशास्त्राच्या वर्गाबाहेर, केवळ समाजसुधारणेच्या इतिहासात ठेवली गेली, हीच काय ती उणीव. ‘असूड’ आणि १८९२ चे व्याख्यान अर्थशास्त्राच्या एकाच प्रकरणात, समोरासमोर ठेवून शिकविले गेले, तर ही उणीव दूर होऊ लागेल.